मदत हवी आहे: खुब्याच्या ऑपरेशनला 'लवचिक' इम्प्लांट घ्यावं का? उद्या दुपारपर्यंत सांगायचंय

सावनी_मिरज | रात्री ९:४०
नमस्कार. खुबा बदलायचं ऑपरेशन ठरलंय. हॉस्पिटलने दोन पर्याय दिलेत, एक साधं इम्प्लांट आणि दुसरं 'लवचिक धातूचं'. दुसऱ्याला पन्नास हजार जास्त. तिथल्या काउन्सेलर मॅडम म्हणाल्या की लवचिक असलं की हाडाबरोबर वाकतं, मग मांडी दुखत नाही. उद्या दुपारी एकपर्यंत ॲडव्हान्स भरून कुठलं ते कळवायचंय. कुणी बसवलंय का? टिकतं का? कृपया लवकर सांगा.

फिजिओ_अनघा | ९:५२
ऑपरेशन कुणाचं? वय किती? खुबा कशामुळे गेला? सिमेंट लावून बसवणार की बिनसिमेंटचा? यातलं काहीच कळलं नाही तर 'घ्या' किंवा 'नको' कसं सांगणार?

देशपांडे_काका | १०:०५
माझ्या आईचा खुबा ७४ व्या वर्षी बदलला. सिमेंटचा, अगदी साधा. नऊ वर्षं झाली, रोज देवळात चालत जाते. महागड्याच्या मागे लागू नका. सर जॉन चार्नली यांनी १९६२ मध्ये इंग्लंडात हे ऑपरेशन मार्गी लावलं ते सिमेंट आणि स्टीलवरच.

सावनी_मिरज | १०:११
काका, आई नाही हो, धाकटा भाऊ आहे. ४१ वर्षांचा. एव्हीएन, म्हणजे रक्तपुरवठा थांबून खुब्याच्या गोळ्याचं हाड मेलंय. बिनसिमेंटचा बसवणार आहेत. उत्तर फक्त लवचिकचं हवंय.

देशपांडे_काका | १०:१४
अरेरे, एवढ्या तरुण वयात. मग माझं सिमेंटचं म्हणणं मागे घेतो.

वैद्य_रानवारा | १०:३०
एव्हीएनला ऑपरेशन हा शेवटचा उपाय. आधी तीन महिने बस्ती आणि गुग्गुळ करून बघा. माझ्याकडचे दोन रुग्ण चालायला लागले.

फिजिओ_अनघा | १०:३८
वैद्य, गोळा अजून गोल असेल तर ऑपरेशन लांबवायचे मार्ग असतात, हे मलाही मान्य. पण गोळा चेपला आणि सांध्यातली फट गेली की तो परत गोल होत नाही. ताई, एक्स-रेत काय आहे?

सावनी_मिरज | १०:४१
गोळा पूर्ण चेपलाय. फट नाही. पायात मोजा घालता येत नाही त्याला. तीन डॉक्टरांनी ऑपरेशनच सांगितलं.

वैद्य_रानवारा | १०:४५
मग ऑपरेशन करा. पण एव्हीएन बरेचदा स्टेरॉइडमुळे होतो. त्याने ते घेतलं होतं का, कशासाठी, ते शोधा, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुन्हा घेऊ नका.

शैला_नाशिक | १०:५०
सरकारने भाव बांधून दिलेत ना? पन्नास हजार जास्त मागतातच कसे? आणि डॉ. के. एच. संचेतींचा इंडस गुडघा भारतीय बांध्यासाठीच बनवलाय, आमच्या सासूबाईंना तो बसवला, उत्तम आहे.

मनोहर_टूलरूम | १०:५८
शैलाताई, ऑगस्ट २०१७ चा भाव बांधायचा आदेश गुडघ्याच्या इम्प्लांटचा होता. इथे खुब्याचं चाललंय.

सावनीताई, मी हाडांचा डॉक्टर नाही. पण तीस वर्षं धातूत काम केलंय आणि माझ्या स्वतःच्या उजव्या खुब्यात टायटॅनियमचा दांडा (इम्प्लांटचा मांडीच्या हाडात आत बसणारा भाग) आहे, म्हणून यात खोल गेलो. 'लवचिक' म्हणजे रबरासारखं नव्हे. धातू किती ताठ ते गिगापास्कलमध्ये मोजतात. मांडीच्या हाडाचं कठीण कवच १५ ते २०. टायटॅनियमचा मिश्रधातू ११०. कोबाल्ट क्रोम साधारण २२०. म्हणजे ज्याला लवचिक म्हणतात तोसुद्धा हाडाच्या पाचपट ताठ.

ताठ दांडा भार स्वतःवर घेऊन थेट खाली उतरवतो. वरच्या हाडाला काम उरत नाही आणि काम नसलेलं हाड विरळ होत जातं. हाड भाराप्रमाणे घडतं, हे यूलियस वोल्फ या जर्मन सर्जनने १८९२ मध्येच मांडलं होतं.

पण काउन्सेलर सहसा जे सांगत नाहीत ते ऐका. गोल भरीव दांड्याचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. १२ मिलिमीटरचा दांडा १६ चा केला की त्याच धातूत तो तिपटीहून जास्त ताठ होतो. हिशोब करून बघा: टायटॅनियमचा १६ चा दांडा कोबाल्ट क्रोमच्या १२ च्या दांड्यापेक्षा दीडपट ताठ निघतो! म्हणून नुसतं धातूचं नाव ऐकून पन्नास हजार देऊ नका. जाडी किती, लांबी किती, खाली निमुळता होतो का, हे विचारा.

देशपांडे_काका | ११:०९
मनोहरराव, मग जितका लवचिक तितका चांगला ना? हाडाइतकाच लवचिक का करत नाहीत?

मनोहर_टूलरूम | ११:१६
केला होता काका. १९७३ च्या सुमारास स्वित्झर्लंडच्या रॉबर्ट मॅथिस यांनी स्टीलच्या गाभ्यावर प्लास्टिक चढवून हाडासारखा लवचणारा दांडा काढला. तो सैल होऊ लागला. दांडा फार लवचिक असला की वरच्या भागात हाड आणि दांडा एकमेकांवर घासतात. बिनसिमेंटच्या दांड्यात हाड शिरून पकडायला हवं, पण ही हालचाल दीडशे मायक्रॉनच्या पुढे गेली की हाडाऐवजी नुसती तंतुमय साय धरते. दोन्हीकडून कात्री आहे.

ओटी_सिस्टर_लता | ११:२०
ताईंनी अजून एक सांगितलं नाही. "मांडी दुखत नाही" असं काउन्सेलर का बोलल्या? नवीन पेशंटला कुणी आपणहून मांडीचं दुखणं सांगत नाही.

सावनी_मिरज | ११:२४
कारण त्याची डावी मांडी दुखते ना. डावा खुबा २०१४ मध्येच बदललाय. आता उजवा करायचाय.

फिजिओ_अनघा | ११:२६
ताई! हे पहिल्या ओळीत हवं होतं. सगळा प्रश्नच बदलला.

ओटी_सिस्टर_लता | ११:२९
२०१४ ची डिस्चार्ज फाइल काढा. आत इम्प्लांटचे स्टिकर चिकटवलेले असतात, लहान, पांढरे, बारकोडवाले. त्यावर धातू, साइज, लॉट नंबर सगळं असतं. जे लिहिलंय ते इथे टाका.

सावनी_मिरज | ११:५१
सापडली. कपाटात वर, दिवाळीच्या माळांच्या पिशवीखाली होती. एक स्टिकर निम्मा फाटलाय. दांड्याच्या स्टिकरवर कोबाल्ट क्रोम, फुल्ली कोटेड, १६.५ असं आहे. भाऊ एसटीत कंडक्टर आहे, दिवसभर उभा. म्हणतो, बसून उठलं की पहिली चार-पाच पावलं मांडीच्या मध्यात कुणीतरी दाबून धरल्यासारखं होतं, मग सुटतं.

मनोहर_टूलरूम | ११:५८
जाड, कोबाल्ट क्रोमचा, खालपर्यंत खरखरीत लेप दिलेला. हाडाने त्याला खाली घट्ट धरलं असणार आणि वरचं हाड रिकामं बसलं असणार. मांडी दुखणं यात जुनं आणि ओळखीचं आहे. उजव्याला टायटॅनियमचा निमुळता दांडा घ्या, मी खात्रीने सांगतो.

फिजिओ_अनघा | रात्री १२:०४
खात्रीने सांगू नका मनोहरकाका. जांघेत दुखलं तर सांध्याचा, वाटीचा विचार करतात. मांडीत, आणि तेही उठल्यावरची पहिली पावलं दुखणं, हे दांडा सैल झाल्याचं किंवा जंतुसंसर्गाचंही लक्षण असतं. डाव्यात जंतू असतील आणि तसंच उजव्यात नवीन धातू घातला तर? आधी ईएसआर, सीआरपी, म्हणजे संसर्गाची खूण दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या. आणि २०१४-१५ चा एक्स-रे आजच्या शेजारी ठेवून बघायचा, दांडा खाली सरकलाय का. माझ्याकडे असा एक पेशंट सहा महिने व्यायामाला येत राहिला आणि दुखणं संसर्गाचं निघालं. ते मला अजून लागून राहिलंय.

मनोहर_टूलरूम | १२:०९
मान्य. दांड्याचा विचार करताना माणसाची तपासणी माझ्याकडून राहिली.

शैला_नाशिक | १२:१२
विमानतळावर मशीन वाजतं का हो या धातूने? आणि एमआरआय?

ओटी_सिस्टर_लता | १२:१५
वाजू शकतं, कार्ड जवळ ठेवायचं. टायटॅनियम चुंबकाला ओढत नाही, पण एमआरआयच्या आधी सांगायचंच. शैलाताई, वेगळा धागा काढा ना.

हाडवैद्य_निवासी | १२:३१
ऑर्थोला रेसिडेंट आहे, ड्यूटीवरून लिहितोय. अनघाताईंचा क्रम बरोबर. तीन गोष्टी जोडतो. वरचं हाड विरळ होणं बहुतेक पहिल्या एक-दोन वर्षांत होतं आणि मग थांबतं, घट्ट बसलेला दांडा तेवढ्याने सहसा सैल होत नाही. त्रास होतो तो पुढे दांडा बदलायची वेळ आली तर, कारण बसवायला चांगलं हाड उरत नाही. ४१ व्या वर्षी म्हणूनच ते महत्त्वाचं. दुसरं, टायटॅनियम दांड्यापुरतं ठीक, गोळ्याला नाही. ते लवकर ओरखडतं, म्हणून गोळा सिरॅमिकचा किंवा कोबाल्ट क्रोमचा असतो. तिसरं, 'लवचिक' म्हणून बीटा टायटॅनियम (टायटॅनियमचाच कमी ताठ मिश्रधातू) देत असतील तर ते ८० गिगापास्कलच्या आसपास असतं, आणि त्याच्या काही जुन्या दांड्यांत गोळा बसतो त्या निमुळत्या टोकाची (टेपरची) झीज झाली होती. नेमकं मॉडेल विचारा आणि परदेशी रजिस्ट्रीत (कुठलं इम्प्लांट किती टिकलं याच्या नोंदवहीत) त्याची दहा वर्षांची नोंद आहे का ते विचारा. ॲडव्हान्सची घाई इम्प्लांटच्या निवडीला लावू नका. सर्जनशी स्वतः बोला.

सावनी_मिरज | दोन दिवसांनी, दुपारी ४:१०
सगळ्यांचे मनापासून आभार. काउन्सेलरना बाजूला ठेवून सरांनाच भेटले, स्टिकर आणि २०१५ चा एक्स-रे घेऊन. ईएसआर १२, सीआरपी ३, म्हणजे संसर्गाची खूण नाही. सरांनी दोन्ही एक्स-रे शेजारी लावून दाखवले. दांडा जिथे होता तिथेच आहे, पण वर आतल्या बाजूचं हाड जुन्या फोटोत पांढरं होतं ते आता राखाडी झालंय. मलासुद्धा दिसलं. डाव्याला हात लावायचा नाही म्हणाले. 'लवचिक' म्हणजे साधा टायटॅनियमचा निमुळता दांडा निघाला, बीटा नाही. जाडी टेबलावर हाड बघून ठरवणार, आधी सांगता येत नाही म्हणाले. पन्नास हजारांतले बरेचसे सिरॅमिकच्या गोळ्याचे आहेत, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. दोन्ही घेतोय. १८ तारीख मिळाली.

फिजिओ_अनघा | ४:२२
छान झालं. ऑपरेशनआधीच वॉकर आणि कमोडची उंच सीट आणून ठेवा. घरात शौचालय कुठलं आहे, भारतीय?

सावनी_मिरज | ४:२५
हो, भारतीय. सांगायचं राहिलं.