शाळा सुरू होताना वस्तीच्या बातमीपत्राने काय छापावे?
शाळा उघडण्याच्या आठवड्यात वस्तीच्या बातमीपत्रात केवळ स्वागताची छायाचित्रे असतात, असा आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे; त्यात थोडी भर घालतो: तिथे शाळेजवळच्या रस्त्यावरील मुलांच्या सुरक्षिततेबद्दल छापावे. वाहनाचा वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबण्याचे अंतर सुमारे चौपट होते, आणि रस्ते सुरक्षेवरील जागतिक परिषदेच्या २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यानेही पादचारी व वाहने वारंवार एकत्र येतात अशा ठिकाणी ताशी ३० किलोमीटरची कमाल मर्यादा सुचवली आहे. शाळेच्या फाटकासमोर कोंडी करणारी वाहने मात्र बहुधा पालकांचीच असतात (त्यांत मीही आलोच). मुलांना फाटकाच्या थोडे आधीच उतरवून गटाने पायी नेण्याची व्यवस्था आणि कोणत्या वळणावर कोणी मोठे माणूस उभे असेल, एवढे छापले तरी छायाचित्रांची जागा सत्कारणी लागेल.