धडगावकडे पाड्यावर बहिणीची डिलिव्हरी आहे, घरी की दवाखान्यात?

सातपुड्याचा_भाऊ:
मी कामाला नाशिकला असतो, बहीण धडगावच्या वरच्या पाड्यावर दिलीय. आठवा संपत आलाय, दुसरं बाळंतपण. पहिलं घरीच दाईच्या हातून झालं, सगळं नीट झालं म्हणून सासू म्हणते आता पण घरीच. दाईला आमच्याकडे खूप मान आहे. पण पाड्यापर्यंत गाडी जात नाही, पावसात नाला भरला की झोळीतून खाली आणावं लागतं. शेवटचं एचबी (रक्तातलं हिमोग्लोबिन) ८ आलंय, म्हणजे कमीच. सासूला दुखवायचं पण नाहीये, काय करू?

निवृत्त_सिस्टर:
भाऊ, मी आदिवासी भागातच एएनएम, म्हणजे गावपातळीवरची सरकारी नर्स होते. पहिलं नीट झालं म्हणून दुसरं नीट होईलच असं नसतं रे. बाळ रडलं, सगळे खूश, आणि वार पडल्यावर पिशवी आवळत नाही नि रक्त जायला लागतं, हे कुणाला होईल ते आधी सांगता येत नाही आणि एचबी ८ असलं की थोडं रक्त गेलेलंही झेपत नाही. दवाखान्यात बाळ झाल्या झाल्या मिनिटाभरात १० युनिट ऑक्सिटोसिन मांडीत देतात, ते थंड ठेवावं लागतं, दाईकडे कुठून असणार. त्यामुळे कळा सुरू झाल्यावर निघायचं नाही, आधीच खाली यायचं. काही पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्राला) माहेरघर, म्हणजे गरोदर बाईला राहायची खोली असते, तारखेआधी चार-पाच दिवस राहता येतं, सोबत एक नातेवाईक आणि मोठं पोर पण. तुमच्या पीएचसीला आहे का आशाताईला विचार. आणि एचबीसाठी दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची तपासणी असते, तिची वाट बघू नको, आत्ताच डॉक्टरला दाखव, एवढ्या उशिरा नुसत्या गोळ्या पुरतील असं नाही, शिरेतून आयर्न लागेल का विचार.

आशा_नंदुरबार:
सिस्टर बरोबर बोलतात. मी एक सांगते दादा, दाईला सोबतच आणा. बाळंतपणात सोबतीला एक बाई थांबू शकते असं सरकारनेच सांगितलंय. आमच्याकडच्या बायका दवाखान्याला नाही, तिथल्या ओरडण्याला घाबरतात, ओळखीचा हात पाठीवर असला की निम्मी भीती जाते. मग सासूला पण दाईचा अपमान वाटणार नाही. गाडीला १०२ किंवा १०८, औषध-जेवण सगळं फुकट, पैसे मागितले तर देऊ नका. नंतर ४८ तास तरी तिथेच ठेवा, घाई करून नेऊ नका. घरी आल्यावर आशा ३, ७, १४, २१, २८, ४२ व्या दिवशी बाळाला बघायला येते.

सातपुड्याचा_भाऊ:
दाईला न्यायचं डोक्यातच नव्हतं आलं, सासू याला तयार होईल वाटतं. पण तिला भीती आहे की दवाखान्यात कापतात.

निवृत्त_सिस्टर:
पीएचसीत नॉर्मलच होतं, सिझेरियन लागलं तर पुढे मोठ्या दवाखान्यात पाठवतात, तेही गरज असली तरच. तिला हे तू फोनवर सांगू नको, दाईला सांगायला लाव. आणि कार्डावर रक्तगट लिहिलाय का ते आजच बघ.