विषय: थर्मोस्टॅट कुठे लावू? (गुहागरचं घर)

नमस्कार मंडळी,
आंबे संपेपर्यंत गुहागरला आहे. आईबाबांच्या घराचं काम चाललंय. माळ्यावरून डक्ट (गार हवेचे मोठे नळ) फिरवून सगळ्या घराला मिळून एकच एसी घेतलाय. वायरमन म्हणतो, थर्मोस्टॅट (तापमान बघून एसी चालू-बंद करणारा तो भिंतीवरचा डबा) पुढच्या दारापाशी बोर्डाशेजारीच घेऊ, वायरचा पाइप तिथवर आलाय. ती भिंत चिऱ्याची, समुद्राकडची. न्यू जर्सीच्या घरात तो आधीपासूनच होता, त्यामुळे कधी विचार करावा लागला नाही. उद्या भिंत फोडायचीय. कुणाला अनुभव?

---

वायरमनला चहा पाजा आणि दोन दिवस थांबवा. पश्चिमेची भिंत नकोच. चिरा दुपारभर ऊन पितो आणि रात्री जेवणं होईतो ते सोडत बसतो. थर्मोस्टॅटला वाटणार घर तापलंय, आणि बाबा माजघरात शाल घेऊन बसणार. शिवाय दार उघडलं की बाहेरची हवा थेट त्याच्या अंगावर.

माजघराची आतली भिंत घ्या. जमिनीपासून साधारण ५ फूट, डक्टच्या जाळीचा झोत लागणार नाही अशी जागा. भिंतीपलीकडे गॅस किंवा फ्रिज नाही ना, तेवढं बघा. खाली समईही नको. आमच्याकडे होती, संध्याकाळी दिवा लागला की एसी सुरू! आई म्हणायची, देव पावला.

फोडण्याआधी त्या जागी साधा थर्मामीटर टांगा, दुसरा बाबांच्या खुर्चीपाशी ठेवा. सकाळी, दुपारी तीनला आणि रात्री बघा. दोन्ही आकडे जवळपास राहिले तर जागा बरोबर.

---

काका, पाइपचं राहिलं. तो माळ्यावरून उतरणार ना? मग कौलांखालची तापलेली हवा त्यातूनच येऊन थर्मोस्टॅटच्या पाठीला लागते. दापोलीला आम्ही दोन उन्हाळे मेकॅनिकला दोष दिला. शेवटी भोकाचं तोंड पुट्टीने बुजवलं आणि प्रश्न मिटला.

दादा, पावसाळ्याचाही विचार कर. जुलैत बाहेरच २६-२७ अंश असतात. साधा थर्मोस्टॅट तापमान बघतो, दमटपणा त्याला कळत नाही. २६ वर ठेवलंस तर कॉम्प्रेसर जेमतेम चालेल, आणि कॉइल (एसीतली गार होणारी नळी) गार असल्याशिवाय हवेतलं पाणी निघत नाही. एसीचा पंखा 'ऑन'वर राहिला तर कॉइलवरचं पाणी वाफ होऊन परत खोलीत येतं, म्हणून तो 'ऑटो'वरच ठेव. अजून विकत घेतला नसशील तर आर्द्रता मोजणारा बघ, आणि एसीला तो चालतो का ते आधी विचार. नाहीतर घर गार आणि चादरी ओल्या.

---

दोघांचेही आभार. काल संध्याकाळी साडेसातला दाराजवळ ३४, माजघरात ३१, खुर्चीपाशीही ३१. पाइप वाढणार म्हणून वायरमन जरा घुश्शात आहे. पुट्टी आणली. बाबा सकाळपासून दर तासाला थर्मामीटर वाचून कॅलेंडरवर आकडे लिहिताहेत, मला हात लावू देत नाहीत.