बॉर्डर कॉलीला घर द्यायचंय. फार्महाऊस बरं की धनगराचा वाडा?

कर्वेनगरच्या काकू

नमस्कार मंडळी. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

आमच्याकडे पिंट्या नावाचा बॉर्डर कॉली आहे. सव्वातीन वर्षांचा, वजन १८ किलो, एक कान उभा, एक पडका. फ्रिस्बी झेलणाऱ्या कुत्र्यांचे व्हिडिओ बघून लेकाने हौसेने आणला. लेक गेला शिकायला जर्मनीला आणि पिंट्या राहिला आमच्या पदरात. यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, मी बासष्टची, घर चौथ्या मजल्यावर.

कुत्रा गुणी आहे हो. चैत्रातल्या हळदीकुंकवाला दहा-बारा बायका आल्या होत्या. पिंट्याने एकेकीला हळूहळू हॉलच्या एका कोपऱ्यात आणलं. भुंकला नाही, अंगावर गेला नाही. मान खाली, नजर रोखलेली, आणि जी कोणी स्वयंपाकघराकडे वळेल तिच्या आडवा. कैरीची डाळ वाढायला उठलेल्या वन्संना दोनदा परत बसवलं! सगळ्या एका जागी बसल्यावर दारात आडवा पडला आणि मोठ्ठा सुस्कारा सोडला. आम्ही हसून बेजार.

पण हेच पार्किंगमध्ये सुरू झालं. मुलांच्या सायकलींभोवती गोल फिरतो, एखादा बाजूला निघाला की त्याच्या टाचेला दात लावतो. गेल्या आठवड्यात एका आठ वर्षांच्या मुलाच्या पायावर ओरखडा उठला. पिंट्याची इंजेक्शनं वेळच्या वेळी झालेली आहेत, तरी मुलाला लगेच डॉक्टरकडे नेलं. त्याची आई जे बोलली ते मी ऐकून घेतलं, कारण तिचं बरोबर होतं.

आता दोन पर्याय समोर आहेत. एक, मुळशीकडे ओळखीच्यांचं दोन एकराचं फार्महाऊस. ते शनिवार-रविवार जातात, एरवी वॉचमन असतो. दुसरा, यांचे मित्र म्हणतात, "मेंढरांचाच कुत्रा ना, द्या धनगराच्या वाड्यावर." माझा कल फार्महाऊसकडे आहे. निदान पळायला मोकळं रान मिळेल. तुम्हाला काय वाटतं?

टेकडीवाला

काकू, नऊ वर्षं कॉली सांभाळला, म्हणून स्पष्ट लिहितो. फार्महाऊसला देऊ नका.

दोन एकरात एकटा कुत्रा पळत नाही. सकाळी एक चक्कर मारतो आणि उरलेला दिवस फाटकाशी माणसाची वाट बघत बसतो. ही जात इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवर मेंढपाळांनी घडवली ती माणसाच्या शिट्टीवर काम करायला. आजच्या बहुतेक बॉर्डर कॉलींचा मूळपुरुष म्हणतात तो 'ओल्ड हेम्प' १८९३ सालचा. तिथे एका शिट्टीला कळपाच्या डावीकडून जायचं, दुसरीला उजवीकडून, तिसरीला जागच्या जागी बसायचं. तुमच्या वन्संना रोखलं तेच त्याचं काम. शिकारीतलं नजर रोखणं, दबकणं, पाठलाग एवढं ठेवलंय आणि मारणं काढून टाकलंय. त्याला शिट्टी वाजवणारा हवा, जमीन दुय्यम.

माझी चूकही सांगतो. पहिलं वर्षभर मी त्याला सकाळ-संध्याकाळ वेताळ टेकडीवर दामटवलं. दमेल, झोपेल अशी आशा. झालं उलटंच, त्याचा दम वाढला आणि माझे गुडघे गेले. शेवटी उपयोगी पडला जुना टॉवेल. त्यात पोळीचे तुकडे गुंडाळून गाठी मारायच्या, तो घरात लपवायचा आणि "शोध" म्हणायचं. वीस मिनिटांत गडी आडवा. डोकं चालवलं की दमतात हे. अमेरिकेत चेसर नावाच्या कॉलीला १,०२२ खेळण्यांची नावं पाठ होती. तुमच्या पिंट्याला पार्किंगमधल्या सायकली पाठ असणार!

नवं घर मिळेपर्यंत पार्किंगमध्ये पट्टा सोडू नका. मुलं खेळायच्या वेळी तर खालीच नेऊ नका.

पुरंदरचा मेंढका

वाड्यावर द्या म्हणणाऱ्यांनी वाडा बघितलेला नसावा. राग नाही, पण सांगतो. मी स्वतः आता कंपनीत आहे, चुलत्यांचा वाडा, म्हंजे मेंढरं आणि बिऱ्हाड, अजून फिरतोय.

आमची कुत्री मेंढरं वळत नाहीत, राखतात. वळायचं काम माणसाचं. हाळी, शीळ, काठी. कुत्रं दिवसा कळपासंगं निवांत चालतं, वाटलं तर सावलीला पडतं. त्याची पाळी रातीला. शेतात मेंढरं बसवली, भोवती वाघर म्हंजे जाळी लावली की लांडगा कुठून येईल तिकडं त्याचं कान. सासवड-बारामतीच्या माळाला लांडगा आजही आहे. पिल्लू असल्यापासून मेंढरांत वाढलेलं कुत्रंच हे करू शकतं.

तुमचा पिंट्या आला तर दिवसभर कळपाला घेरे घालणार. गाभण मेंढी अशी पळवली तर गाभ टाकती, ते नुकसान कोण भरणार? आणि आमची कुत्री त्याला पहिल्या रातीलाच फाडतील. दिवाळीनंतर बरेच वाडे घाट उतरून कोकणात जातात, रोजचा मुक्काम नवा. सोफ्यावर झोपलेल्या जनावराला ते झेपायचं नाही. पण काकू, हळदीकुंकवाचं वाचून लई हसलो. वळायची अक्कल त्याच्यात खरीच आहे.

गोचीडशत्रू

पशुवैद्य आहे, मुद्द्याचं लिहिते.

पहिलं म्हणजे नसबंदी झालीय का? नसेल तर आधी करा, मग घर शोधा. नाहीतर "कागदपत्रं आहेत का" विचारत ब्रीडिंगवाले सर्वात आधी येतील. फोनवर हा प्रश्न पहिला आला तर समजून जा.

फार्मवर आणखी एक धोका असतो. तिथे गोचीड झाले की गाई-म्हशींचं आयव्हरमेक्टिन कुत्र्यालाही टोचून टाकतात. कॉलीच्या भाऊबंदांत काहींच्या एमडीआर-१ जनुकात दोष असतो. बॉर्डर कॉलीत तो कमी आढळतो, पण आढळतो. अशा कुत्र्याला तो डोस थेट मेंदूवर जातो, जिवावर बेततं. जो कोणी नेईल त्याला हे लिहून द्या. आणि उन्हाळ्यात केस भादरू नका म्हणावं, तो दुहेरी कोट उन्हापासूनही वाचवतो.

एकदम देऊन मोकळ्या होऊ नका. पंधरा दिवस ठेवून बघायचं, नाही जमलं तर परत तुमच्याकडेच, असं कागदावर घ्या.

कर्वेनगरच्या काकू

सगळ्यांचे आभार. तरी मी हट्टाने फार्महाऊस बघून आले. पिंट्याला नेलं नव्हतं. बंगला झकास, आंब्याची कलमं, सगळं छान. मागे पंपाच्या खोलीजवळ एक लोखंडी खुंटी होती आणि तिच्याभोवती जमीन गोल झिजलेली. कंपासने आखावी इतकी गोल, आत गवताचं पातं नाही. वॉचमनला विचारलं इथे काय होतं. म्हणाला, "आधीचा कुत्रा, मॅडम. रातीला बांधलेला होता. बिबट्यानं नेला." मालक हे बोलले नव्हते. मी पाणीसुद्धा न पिता निघाले.

नसबंदी लेकाने पहिल्याच वर्षी करून घेतली होती, फाईल बघितली. फोन अकरा आले. त्यातल्या सहा जणांनी कागदच विचारले.

कर्वेनगरच्या काकू (महिन्याभराने)

धागा वर काढते. पिंट्या बावधनला गेला. टू बीएचके, आमच्यापेक्षा लहान घर! नवरा-बायको दोघंही घरून काम करतात, तिच्या माहेरी आधी कॉली होता. तिने फोनवर विचारलं, "काहीच काम नसतं तेव्हा तो काय करतो?" तिथेच मी मनात टिकमार्क केला. दोन रविवार इथे येऊन त्याला फिरवून नेलं, मग पंधरा दिवसांचा कागद केला. आज बारावा दिवस. काल तिचा मेसेज आला: दोघं दोन खोल्यांत बसून मीटिंग करतात हे पिंट्याला मंजूर नाही. तिची चप्पल उचलून नवऱ्याच्या टेबलाखाली नेऊन ठेवतो आणि तिच्याकडे बघत बसतो. शेवटी तिने टेबलच तिकडे हलवलं.

इकडे फ्रिज सरकवला तर त्याचा हिरवा बॉल सापडला. एका बाजूने चावलेला, धुवून ठेवलाय. रविवारी स्वतः नेऊन दिला तर चालेल ना?

टेकडीवाला

काकू, आता रुळतोय. दोन महिने तरी तोंड दाखवू नका. बॉल कुरियरने पाठवा. आणि धुतलाय म्हणताय ते कशाला? वासासाठीच तर पाठवायचा होता.

कर्वेनगरच्या काकू

अगोबाई. मग आता यांच्या जुन्या बनियनमध्ये गुंडाळून पाठवते.