सोडत, ईश्वरचिठ्ठी की आणखी काही?

प्रश्न: आयर्लंडच्या नागरिक सभेवर लिहिते आहे. २०१६ साली तिथे ९९ सामान्य नागरिक आणि अध्यक्षपदी न्यायमूर्ती मेरी लॅफॉय अशी सभा बसली. घटनेतल्या गर्भपातबंदीवर या मंडळींनी शनिवार-रविवारी तज्ज्ञांचं ऐकलं, आपसांत खल केला आणि तरतूद बदलायची शिफारस केली. २५ मे २०१८च्या सार्वमतात ६६.४ टक्के मतं बंदी उठवायच्या बाजूने पडली. हे ९९ जण मतांनी निवडून आलेले नव्हते. अशा निवडीला मराठीत काय म्हणावं? ‘यादृच्छिक निवड’ लिहिलं, तर गणिताचा तास वाटतो.

— सोडत! म्हाडाच्या घरांची निघते, प्रभागांच्या आरक्षणाची निघते. शाळकरी पोरं चिठ्ठी उचलतात ते फोटो पेपरात पाहिलेच असतील.

— पण सोडतीत माणसाला काहीतरी ‘लागतं’. घर, बक्षीस. इथे सुट्टी घालवून काम करायचंय. ‘ईश्वरचिठ्ठी’ कशी वाटते?

— ईश्वरचिठ्ठी नको. तिच्याकडे आपण गाडं अडल्यावर जातो. २०१७ साली मुंबईच्या २२० क्रमांकाच्या प्रभागात दोघांना सारखी मतं पडली, तेव्हा चिठ्ठी टाकली. प्राचीन ग्रीसमधल्या अथेन्सकरांचं उलट होतं. ५०० जणांचं मंडळ, दहा गणांतून प्रत्येकी ५०, सगळे चिठ्ठीनेच, वर्षभरासाठी. सेनापती मात्र मतांनी निवडायचे, कारण लढाई कुणाच्याही हाती देऊन चालत नाही. चिठ्ठी ही लोकशाहीची रीत आणि निवडणूक मूठभरांच्या सत्तेची, असं ॲरिस्टॉटल नोंदवतो. आज हे उलटंच वाटेल.

आपल्याकडे तमिळनाडूतल्या उत्तिरमेरूरच्या दहाव्या शतकातल्या शिलालेखात नावांच्या चिठ्ठ्या मडक्यात टाकून लहान मुलाकडून काढायची पद्धत आहे. (फार छाती फुगवू नका. मडक्यात नाव पडायला आधी जमीन आणि घर लागे.)

— मूळ प्रश्नाकडे या. आयर्लंडमध्ये नुसती चिठ्ठी नव्हती. वय, लिंग, प्रदेश, सामाजिक स्तर बघून देशाचा नमुना जुळवला होता. नुसतं ‘सोडत’ म्हटलं तर ते निसटतं. तरी माझं मत सोडतीलाच, कारण समित्यांवर आपल्याकडे ‘वर्णी लागते’ आणि सोडतीत वर्णी लावायची सोय नसते. शब्दानेच फरक कळतो.

— पहिल्यांदा ‘देशाचा नमुना जुळवून सोडतीने निवडलेली नागरिक सभा’ असं पूर्ण लिहा, पुढे नुसतं ‘नागरिक सभा’.

प्रश्नकर्ती: हे पटलं. मी जोडशब्द करून ‘सोडतसभा’ लिहिलं होतं. आईने कच्चा खर्डा वाचला आणि विचारलं, “सभा अर्ध्यावर कोण सोडून गेलं?”