ओट्यावरची सावली वॉट वाढवून जात नाही

स्वयंपाकघराच्या ओट्यावर अंधार पडतो म्हणून 20 वॉटची ट्यूब काढून 36ची लावा, असा सल्ला मिळतो. तो खोलीपुरता ठीक आहे. पण ओट्यावर अंधार राहणारच, कारण ट्यूब पाठीमागे आणि मधे आपलंच डोकं. उजेड वाढला तरी विळीवरची सावली जात नाही. उजेड ओट्याच्या वरच्या कपाटांखालून यायला हवा. 12 व्होल्टची, मीटरला 120 एलईडीवाली पट्टी घ्या (साधारण 9.6 वॉट प्रति मीटर). 8 फुटी ओट्याला 2.4 मीटर, म्हणजे 23 वॉट. ड्रायव्हर (घरची वीज 12 व्होल्टवर आणणारा डबा) मात्र 30 वॉटचा, काठोकाठ घेतलेला तापून लवकर जातो. पट्टी कपाटाच्या पुढच्या कडेला लावा, भिंतीकडे नको, नाहीतर टाइल्स उजळतात आणि भाजी अंधारातच. काळ्या ग्रॅनाइटमध्ये एकेक ठिपका आरशासारखा दिसतो, म्हणून एलईडी पट्टी दुधी झाकणाच्या ॲल्युमिनियम चॅनलमध्येच बसवा.

आणि पट्टी मागच्या गोंदाने थेट प्लायवर चिकटवू नका. फोडणीच्या वाफेने गोंद सुटतो आणि पट्टीची उष्णता बाहेर न गेल्याने दिवे वेळेआधी मंद होतात. शेगडीच्या डोक्यावरचा भाग सोडूनच द्या. उजेडाचा रंग 4000 केल्विन (ना फार पिवळा, ना निळसर पांढरा), सीआरआय, म्हणजे त्या उजेडात वस्तूंचे रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, 90च्या पुढचा. कमी सीआरआयमध्ये पालेभाजीचं पिवळं पान पटकन ओळखू येत नाही. बटण बंद करूनही पट्टी मिणमिणत असेल तर वायरमनने स्विच फेजच्या (वीज आणणाऱ्या) वायरऐवजी न्यूट्रलवर (परतीच्या वायरवर) घेतलाय का ते आधी तपासून घ्या, पट्टी बदलायची घाई नको.