अनुभव धागा : इतिहासाचा पेपर आणि अपुरा पडलेला वेळ

भाची यंदा बारावीला आहे. परवा तिने घरी इतिहासाचा सराव पेपर सोडवला. ८० गुण, तीन तास. शेवटचा दीर्घोत्तरी प्रश्न कोरा राहिला आणि ती रडायला लागली. मला माझा एम.ए.चा पेपर आठवला.

'१८५७ च्या उठावाचे स्वरूप स्पष्ट करा.' माझा जीव की प्राण असलेला विषय! बराकपूरपासून सुरुवात केली. २९ मार्च, मंगल पांडे, मग १० मे, मेरठ, दिल्ली, कानपूर, झाशी. पुरवणी मागितली, तीही भरत आली, तेव्हा लक्षात आलं की विचारलंय स्वरूप आणि मी सांगत बसलोय हकिगत. शिपायांचं बंड की स्वातंत्र्ययुद्ध, सावरकरांची भूमिका काय, इतिहासकार रमेशचंद्र मजुमदारांनी ती का नाकारली, हे खरं उत्तर शेवटच्या सात-आठ ओळींत कोंबलं. सव्वा तास गेला होता. पुढे महात्मा फुल्यांवरचा प्रश्न होता. झोपेतून उठवलं असतं तरी लिहिला असता, पण तो राहिला तो राहिलाच. अजून हळहळ वाटते.

माझं मत असं झालंय की न येणाऱ्या प्रश्नावर आपण फार वेळ घालवत नाही, येणाऱ्यावरच घालवतो. तुमचं काय झालं, पुढच्या वेळी काय बदललंत, सविस्तर लिहा. भाचीला सगळं वाचून दाखवणार आहे.

घोडकाठ

अगदी पटलं. मी यूपीएससीची तयारी करत होतो, वैकल्पिक विषय इतिहास, माध्यम मराठी. पहिल्या पेपरात २५० गुणांना १८० मिनिटं, म्हणजे एका गुणाला पाऊण मिनिटसुद्धा नाही. पहिलाच प्रश्न नकाशाचा : ठिपक्यांवरून ओळखायची २० स्थळं, प्रत्येकी अडीच गुण, प्रत्येकाबद्दल साधारण ३० शब्द. हिशेबाने त्याला ३६ मिनिटं मिळतात.

टेस्ट सिरीजच्या एका पेपरात भीमेच्या खोऱ्यातला ठिपका दिसला. इनामगाव! आमच्या शिरूर तालुक्यातलं, ताम्रपाषाण काळातल्या वस्तीचं ठिकाण. लहानपणी वडिलांनी सायकलवरून नेऊन ती जागा दाखवली होती. मग डेक्कन कॉलेजचं उत्खनन, घरातल्या जमिनीखाली रांजणात पुरलेली मुलं, तो चार पायांचा रांजण, सगळं लिहीत सुटलो. अडीच गुणांसाठी अख्खं पान. नकाशा संपेपर्यंत ५५ मिनिटं झाली आणि शेवटच्या निबंधाचे फक्त मुद्दे मांडता आले.

त्यानंतर प्रत्येक प्रश्नासमोर पेन्सिलीने तो संपवायची वेळ लिहायला लागलो. मिनिटं नाही, थेट घड्याळातली वेळ : ९:३६, ९:५०, १०:०१. ती वेळ झाली की वाक्य पुरं करायचं, खाली जागा सोडायची आणि पुढे जायचं. पहिले दोन महिने हात उचलवत नसे.

खडूफळा

मी कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवते, बोर्डाचे पेपर तपासते. पहिलं उत्तर चार पानं, सुरेख अक्षर, आणि शेवटच्या प्रश्नाखाली 'वेळ संपला'. अशी उत्तरपत्रिका हातात आली की फार वाईट वाटतं. मुलाला येत होतं हे मला दिसतं, पण कोऱ्या जागेला गुण देता येत नाहीत.

वर्गात मी दीर्घोत्तरी प्रश्न शेवटी ठेवूच देत नाही. वस्तुनिष्ठ झाले की लगेच तो, हात ताजा असताना. आधी तीन मिनिटं मागच्या पानावर कच्चे मुद्दे. प्रस्तावना दोन ओळींची. 'प्राचीन काळापासून मानव...' अशी सुरुवात केली की मी खोडते. २०२३ पासून बोर्ड शेवटी दहा मिनिटं जादा देतं. ती अर्धवट उत्तरं पुरी करायला ठेवायची. त्यात नवा निबंध बसत नाही.

भाचीला सांगा, 'कारणे', 'परिणाम', 'स्वरूप' हे शब्द प्रश्नपत्रिकेत आधी अधोरेखित कर.

पुरवणी_क्रमांक_३

आमच्या वेळी दर अर्ध्या तासाला टोल पडायचा, तेच आमचं घड्याळ. शेवटच्या टोलाआधी पुरवण्या दोऱ्याने बांधून ठेवायचे. गाठ मारताना पाच मिनिटं गेलेली एकदाच, दहावीत.

स्पर्श

मी दृष्टिहीन आहे, लेखनिक घेऊन परीक्षा दिल्या. आम्हाला तासाला वीस मिनिटं जादा असतात, म्हणजे तीन तासांचे चार. लोकांना वाटतं भरपूर झाले. पण 'व्हर्साय' किंवा 'बिस्मार्क' अक्षर-अक्षर सांगावं लागतं आणि तोवर पुढचं वाक्य निसटतं. उत्तर किती लांबलंय हेही दिसत नाही. एफ.वाय.ला पहिल्या महायुद्धाची कारणं सांगता सांगता मी किती बोललो ते कळलंच नाही. लेखनिक मुलगी नववीतली, मला थांबवायला संकोचली.

पुढच्या परीक्षेआधी तिच्यासोबत चार रविवार बसलो. विशेषनामांची यादी तिच्याकडून लिहून घेतली. ठरवलं की एका मुद्द्याला तीन वाक्यं, ती मी बोटांवर मोजणार. पान भरलं की तिने बाकावर एकदा टकटक करायची, अर्धा तास झाला की दोनदा. त्या वर्षी सगळे प्रश्न लिहून झाले आणि वीस मिनिटं उरली. तिने मला पूर्ण पेपर हळू आवाजात वाचून दाखवला. माझंच उत्तर मी पहिल्यांदा सलग ऐकलं. त्यात सारायेव्होचं, म्हणजे ज्या हत्येने महायुद्धाची ठिणगी पडली तिचं, साल १९१५ झालं होतं. ते १९१४ करून घेतलं.